शंभर वातींवरचं कोल्हापूर

नाशिकहून कोल्हापूरला विमान सुरू होणार, ही बातमी आमच्या गल्लीत पहिल्यांदा मी दिली. बातमी खोटी होती. मला ती कुणी सांगितली नव्हती, कुठे छापूनही आली नव्हती. भर बैठकीत, चहाचा कप हातात असताना ती मला सुचली आणि मी बोलून मोकळा झालो. त्या एका वाक्यावर एक लग्न ठरलं. लग्न चांगलं झालं, मुलगी सुखात आहे, त्यामुळे ज्यांना मी हे सांगतो ते म्हणतात, एवढं काय मनाला लावून घेतोस. पण त्या वाक्यावर ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्या घरात मी तेव्हा भाड्यानं राहत होतो. त्याचं पुढं काय झालं ते मी जिन्यावरून येता-जाता पाहिलेलं आहे. काकांविषयी लिहायचं तर आधी हे सांगायलाच हवं.

काका म्हणजे माझे घरमालक. गंगापूर रोडला त्यांचे द्राक्षाचे मळे होते. शहर वाढत वाढत मळ्यापर्यंत आलं तसे त्यांचे प्लॉट पडले, आणि शेवटच्या तुकड्यावर काकांनी दुमजली घर बांधलं. वरच्या मजल्यावरची खोली बघायला मी गेलो तेव्हा सातपूरला एका कारखान्यात नुकताच लागलो होतो. काकांनी भाड्याचं काही काढलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही.

"गाव कुठलं?" एवढंच म्हणाले.

"हरसूल."

ते उठले. हॉलच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा होता. नाशिकच्या जागी एक खिळा ठोकलेला, आणि खिळ्याला काकूंच्या शिलाई मशीनचा दुहेरी दोरा बांधलेला. दोऱ्याला ठरावीक अंतरावर गाठी. काकांनी दोरा ताणून पश्चिमेला डोंगरात धरला, चष्मा वर केला आणि खुशीत म्हणाले, "अरे, विमानानं सहा-सात मिनिटं. एसटी किती घेते?"

"दोन तास तरी."

"बघ. उगाच लांब राहतोस."

"पण काका, हरसूलला विमान उतरणार कुठे?"

"उतरायचं नंतर बघू. वर तर पोचलास ना?"

खोली मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'इंजिनिअर' झालो.

काका आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. पण नाशिकच्या आकाशात विमानांची कमी नव्हती. ओझरच्या विमान कारखान्यातून लढाऊ विमानं उठायची, खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि काका ज्या वाक्यात असतील ते वाक्य अर्धवट सोडून गच्चीकडे धावायचे. एकदा भाडेकरार करायला आलेल्या वकिलांना त्यांनी तसंच बसवून ठेवलं. परत आले ते धापा टाकत, चेहरा उजळलेला. "वळताना पाहिलं. हा पोरगा नवीन दिसतोय, जरा घाबरत वळला." वकील सही मागत होते आणि काका त्यांना हाताचा पंजा तिरपा करून ते वळण दाखवत होते.

दोऱ्याच्या गाठींमागे पुरतं शास्त्र होतं. माझ्याआधी वरच्या खोलीत ओझरला काम करणारा एक तंत्रज्ञ राहत होता. काकांनी त्याला विचारलं, विमान तासाला किती जातं? तो म्हणाला, कुठलं विमान? काका म्हणाले, साधं, माणसांचं. तो म्हणाला, धरा चारशे-पाचशे. काकांनी चारशे धरलं. "आपलं विमान जरा दमानं जाऊ दे." नकाशावर दर चारशे किलोमीटरला, म्हणजे तासाला, एक गाठ. दोन गावांमधल्या प्रवासाचा प्रश्न त्यांच्यापुरता त्या दिवशी सुटला. विमानतळ असले काय, नसले काय.

घरी येणाऱ्या प्रत्येकाचं गाव ते मोजायचे. गॅसवाला, मीटर बघणारा, वर्गणीला आलेली पोरं. आणि मिनिटांत सांगून समाधान होईना म्हणून स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे, कारण काकू घड्याळ बघत नसत. औरंगाबाद म्हणजे कुकर लावून वरण-भात होईपर्यंत. शिर्डी म्हणजे चहा उकळून उतू जाईपर्यंत. जळगावला भाकरी थापायला घेतली तर चार-पाच होतील तोवर तुम्ही पोचलात.

"आणि पीठ मळायचं कुणी?" काकू आतून विचारायच्या.

"ते विमान सुटायच्या आधी."

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दहादा तरी यायचं: "जमिनीवरून बघू नकोस, हवेतून बघ." बोअरवेलच्या पाण्यावरून धाकट्या भावाशी बोलणं बंद झालं, तेव्हा काका एका सकाळी आपणहून त्याच्या दारात गेले. म्हणाले, "वरून बघितलं तर आपल्या दोघांची घरं एका पत्र्याखाली दिसतील रे. कुणाला कळणारे कुठल्या नळाला पाणी येतं?" भाऊ हसला, भांडण मिटलं. मला कारखान्यातून यायला उशीर झाला की फाटकातच अडवत. "हवेतून चार किलोमीटर सातपूर. आणि तू तासभर लावतोस?"

आता काकूंचं. काकूंना गाडी लागायची. सगळ्यांना लागते तशी नाही. बसमध्ये पाय ठेवला, डिझेलचा वास आला की त्या पांढऱ्या पडायच्या. दिंडोरीहून लग्न होऊन आल्या त्या जीपमध्ये, आणि त्या वरातीची हकिगत काका रंगवून सांगत. काकू मात्र हसत नसत. गोळी घेतली तर दोन दिवस झोपेत. रेल्वेतही तीच गत. गावात जायचं तर चालत, फारच लांब असेल तर रिक्षात वाऱ्याकडे तोंड करून, नाकाशी लिंबू धरून. त्यांचं जग गंगापूर रोड ते गोदेचा घाट एवढं होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. दुपारी ओसरीवर बसून दत्तमंदिरासाठी कापसाच्या वाती वळायच्या. शंभर झाल्या की दोऱ्यानं जुडी बांधायची.

त्यांची एकुलती एक मुलगी उज्ज्वला. तिच्यासाठी स्थळ मीच आणलं.

आमच्या कारखान्याला लागणारे ओतीव भाग कोल्हापूरच्या एका फौंड्रीतून यायचे. ते वेळेवर आणणं ही माझी नोकरी, आणि ते कधीच वेळेवर यायचे नाहीत. फौंड्रीचे मालक मला एकदा म्हणाले, "आमच्या पोरासाठी तुमच्याकडची एखादी चांगली पोरगी बघा की ओ. आपलं नातं झालं तर तुमचा माल काय, पहिला तुमचाच." मुलगा खरोखर चांगला होता. शिकलेला, शांत. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही, पण तेही खरंच आहे.

बैठक काकांच्या हॉलमध्ये झाली. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली होती. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, आणि मग काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सगळं चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या लांब मी मुलगी देणार नाही. रात्रभराची बस आहे. ती माहेरी येईल वर्षातून एकदा. आणि मी? मी तिचं घर कधी बघायचं?"

मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही गाडी पाठवतो की वहिनी. आरामात झोपून या."

"मला गाडी लागते."

 काका उठून नकाशाकडे गेले. दोरा ताणला, कोल्हापूरवर धरला. गाठ अगदी थोडी पुढे राहिली. "एक तास! अगं, एक तासही पुरता नाही. तुझ्या शंभर वाती वळून होतील तोवर उज्ज्वलाच्या दारात. हवेत खड्डा नाही, घाट नाही, वळण नाही. लागेल कशाला?"

"आणि ते विमान कुठे आहे?" काकू शांतपणे म्हणाल्या.

 काकांच्या हातात दोरा तसाच ताणलेला. मला त्यांच्याकडे बघवेना. आणि मला तो ओतीव माल दिसत होता, साहेबांची शाबासकी दिसत होती, हेही तितकंच खरं. मी म्हणालो, "काकू, दिवाळीपर्यंत सुरू होतंय. आमच्या साहेबांनी सांगितलं. नाशिक-कोल्हापूर, रोजचं."

काका माझ्याकडे वळले. एवढा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर तोवर पाहिला नव्हता. काकूंनी मात्र माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

त्या आत गेल्या आणि साखर घेऊन आल्या.

पुढचे काही महिने आमच्या घरात जत्रा होती. काकांनी हलकी बॅग आणली आणि द्राक्षाच्या पेट्या तोलायच्या जुन्या काट्यावर ती भरून, रिकामी करून पुन्हा भरून पाहिली. काकूंना सराव म्हणून ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसवलं, कमरेला उपरण्याचा पट्टा बांधला. "डोळे मीट. हे उड्डाण." झोपाळा दोनदा गेला-आला आणि काकू तोंडाला पदर लावून मोरीकडे धावल्या. काकांनी विचार करून निदान केलं: "विमान पुढं गेल्यावर मागं येत नाही. झोपाळ्याची चूक आहे." सराव बंद झाला, उत्साह नाही. गल्लीतल्या सगळ्यांना दिवाळीनंतर कोल्हापूरचा गूळ आणायचं वचन मिळालं.

दिवाळी आली. विमान आलं नाही.

"साहेब काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "परवानगी अडकलीय." पुढच्या दिवाळीला मी म्हणालो, "कोल्हापूरच्या धावपट्टीला दिवे नाहीत म्हणे." हे खरं होतं, मी चौकशी करून आलो होतो, खोट्याला आधार द्यायला मी खरं शोधत होतो. काका प्रत्येक वेळी मान डोलवायचे. "हां. दिवे नकोत का? बरोबर आहे." आणि गच्चीवर जायचे.

लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी उज्ज्वलाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिला सातव्यात त्रास झाला आणि तिकडच्या डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला. काकू म्हणाल्या, मग मी जाते. गोळी घेतली, लिंबू घेतलं, आणि सकाळच्या बसनं दोघं निघाले. मी त्यांना बसवून दिलं. संध्याकाळी कामावरून आलो तर दोघं ओसरीवर. संगमनेर पार झालं होतं. पुढे चंदनापुरीच्या घाटात काकूंची शुद्ध हरपली. तिथल्याच डॉक्टरकडे सलाईन लावून, भाजीच्या टेम्पोत पुढे बसून, दर दहा मिनिटांनी थांबत ते परत आले होते.

काका पहिल्यांदाच विमानाचं काही बोलले नाहीत. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू पुढच्या आठवड्यात जातोयस ना कोल्हापूरला? डिंकाचे लाडू करून देते. तेवढे पोचव."

मी ते लाडू नेले. मुलगी झाली. त्यानंतर आठ वर्षं मी डबे नेत होतो. नेताना लाडू, मेतकूट, बाळाची झबली, मग परकर-पोलकी. येताना काकवी आणि रिकामे डबे. उज्ज्वला वर्षातून एकदा यायची, नात अंगणात बागडायची, पण मुलीचं घर काकूंनी पाहिलं नव्हतं. मी परत आलो की ओसरीवर मला समोर बसवत आणि विचारत. ओट्याला खिडकी आहे का? ऊन कुठल्या बाजूनं येतं? तुळस दारात आहे की मागे? तिच्या सासूबाई तिला कुठल्या नावानं हाक मारतात? मी सांगायचो. एकदा सांगितलं, पायऱ्या पाच आहेत. पुढच्या खेपेला चुकून सहा म्हणालो, तर म्हणाल्या, "एक वाढली का?"

त्यानंतर मी तिथं मुद्दाम पायऱ्या मोजल्या. पाचच होत्या.

मधल्या काळात माझंही लग्न झालं, मी पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. एका सकाळी पेपर उघडला आणि चहा तसाच ठेवून उठलो. एक छोटी विमान कंपनी नाशिक-कोल्हापूर सेवा सुरू करत होती. आठवड्यातून तीन दिवस, नाशिकमधल्याच गांधीनगरच्या धावपट्टीवरून. लहान विमान, नऊ जागा. मी स्कूटर काढली. गंगापूर रोडपर्यंतचे सगळे सिग्नल मी कसे पाळले ते माहीत नाही. वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती: आज पहिल्यांदा खरी बातमी घेऊन चाललोय.

काका गच्चीवर होते. मी खालूनच ओरडलो, "काका, विमान आलं."

ते कठड्यावरून वाकले. "साहेब म्हणाले?"

"नाही काका, पेपरात आलंय. छापून आलंय."

ते खाली आले ते दोन-दोन पायऱ्या एकदम. बातमी वाचली, पुन्हा वाचली. पेपर काकूंच्या हातात दिला. मग माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, "इंजिनिअर, हे तू आणलंस. पहिल्यांदा तूच सांगितलंस. तू बरोबर पाहिजेस, त्याशिवाय आम्ही बसत नाही."

खरं काय ते मी तेव्हाच सांगणार होतो. पण काकू पेपर घडी करून देवाजवळ ठेवायला गेल्या, आणि माझं सांगणं पुन्हा राहिलं.

जायचा दिवस हिवाळ्यातला. अर्धी गल्ली निरोपाला. काका इस्त्रीच्या धोतरात, काकू लिंबू आणि लाडवांचा डबा घेऊन रिक्षात. गांधीनगरला एक लहानशी इमारत, पत्र्याची शेड, आणि पुढं ती लांब, सरळ, रिकामी धावपट्टी. काका तिच्याकडे बघतच राहिले. "काय सरळ आहे," एवढंच म्हणाले.

विमान लहान, म्हणून सामानासकट माणसांचंही वजन करत होते. काका खुशीत काट्यावर चढले. "पेटी कितीची?" त्यांनी वजन करणाऱ्या मुलाला विचारलं. काकू चढेनात. "सगळ्यांसमोर?" शेवटी काकांनी आपलं उपरणं काट्याच्या आकड्यावर धरलं आणि त्या मुलानं ते उचलून एकट्यानं पाहिलं.

विमान अडीचला निघायचं होतं. तीन वाजले, साडेतीन वाजले. आकाश स्वच्छ आणि रिकामं. मग तो मुलगा येऊन सांगून गेला की पावणेपाचच्या आत निघालं नाही तर आज जाणार नाही. कोल्हापूरला दिवे नाहीत, अंधार पडायच्या आत उतरावं लागतं.

माझ्या जुन्या सबबीतले दिवे असे समोर येऊन उभे राहिले. काकू बाकावर लिंबू हुंगत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "नाही आलं तर घरी जाऊ. त्यात काय." पण लाडवांचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

आधी काकांनाच ऐकू आलं. "आलं." कुणालाच काही दिसत नव्हतं. काका उभे राहून दक्षिणेकडे बोट दाखवत होते, आणि बऱ्याच वेळानं तिथे एक ठिपका दिसला. तो वाढला, खाली आला, टेकला. पुढं एकच पंखा असलेलं, पांढरं, छोटंसं विमान. शेडमधल्या आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडेचार झाले होते.

वैमानिक तरुण सरदारजी होता. काका सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे. "साहेब, कितना टाइम? एक घंटा ना?"

"एक घंटा पच्चीस मिनट, चाचाजी. छोटा जहाज है, आराम से जाता है."

मी काकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा दोरा, ती गाठ. काकांनी वळून बाकावरच्या काकूंकडे बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. "हिला काही बोलू नकोस," मला म्हणाले.

आत दोन्ही बाजूंना खिडक्या, मध्ये जेमतेम वाट. काका-काकू शेजारी, मी त्यांच्या मागे. पंखा फिरायला लागला तसा आवाज एवढा झाला की बोलणं संपलं. विमान धावलं, थरथरलं, आणि पायाखालची खडखड एकदम थांबली. काकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. ते काहीतरी ओरडत होते. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं: हवेतून बघ.

मी बघितलं. द्राक्षाचे मळे चौकोन चौकोन, शेततळ्यांवर चमकणारं ऊन, आणि एका दोऱ्यासारखा पुण्याचा रस्ता. काकूंनी डोळे घट्ट मिटले होते आणि पिशवीतून कापूस काढून त्या वाती वळायला लागल्या होत्या. न बघता, तळहातावर, एकामागून एक. विमानानं मध्येच खड्ड्यात पडल्यासारखा धक्का दिला. हवेत खड्डे असतात, हे काकांना त्या दिवशी कळलं. काकूंचा हात थांबला, लिंबू नाकाशी गेलं, आणि पुन्हा वात सुरू झाली.

"संगमनेर गेलं!" काका ओरडले. आणि थोड्या वेळानं काकूंच्या दंडाला हात लावून त्यांनी खाली दाखवलं. काकूंनी डोळे उघडले. डोंगराच्या अंगावर एक बारीक वेडीवाकडी रेघ.

"हाच का तो घाट?"

"हाच."

"एवढासा?" काकू म्हणाल्या. आणि त्यानंतर त्यांनी डोळे मिटले नाहीत.

पुढं डोंगर, नद्या, नावं माहीत नसलेली गावं. काका प्रत्येकावर काही ना काही ओरडत होते. माझ्या घड्याळात तास झाला तेव्हा खाली अजून कोल्हापूरची चिन्हं नव्हती. काकूंनी शंभराची जुडी दोऱ्यानं बांधली. ती पिशवीत टाकली, कापसाचा नवा पुंजका काढला, आणि मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डोळ्यांनी काकांकडे दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग मोठ्यानं विचारलं, "अहो, झाला का तास?"

काकांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. "होत आला, होत आला. तू वाती वळ."

ती दोघं एकमेकांसाठी इतकं छोटंसं खोटं बोलत होती, आणि मी मागे बसलो होतो. मला राहवलं नाही. मी दोघांच्या मध्ये मान घातली आणि म्हणालो, "काका, मी खोटं बोललो होतो."

"काय?"

"साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. बैठकीत. विमानाचं. मी मनानं सांगितलं."

"मोठ्यानं बोल!"

मी ओरडलो. पुढचे दोन प्रवासी मागे वळले. काकांना या वेळी ऐकू गेलं. त्यांनी भुवया उंचावल्या, खिडकीच्या काचेवर टकटक केलं आणि ओरडले, "मग हे काय आहे? बसलोय ना आपण? बातमी उशिरा आली म्हण!" आणि ते खरोखर पुन्हा खाली बघायला लागले. त्यांच्या मनात काही नव्हतं. जमिनीवरून बघणं त्यांना कधी जमलंच नाही. मग आठवल्यासारखं मान न वळवता ते म्हणाले, "मला काय सांगतोस? मी तर आधीपासूनच तयार होतो. हिनं तुझ्या शब्दावर हो म्हटलं. हिला सांग."

काकूंनी ऐकलं होतं. वात अर्धी वळलेली हातात होती. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आणि त्या आवाजातही मला प्रत्येक शब्द ऐकू आला, "लाडू नेलेस, तेव्हाही ठाऊक होतं तुला?"

"हो."

त्यांनी ती वात पूर्ण केली, मांडीवर ठेवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. बैठकीत पाहिलं होतं तसंच, सरळ डोळ्यांत. मी छाती भरून श्वास घेतला, पंख्याच्या वर आवाज जावा म्हणून. नेमकं तेव्हाच विमान उतरायला लागलं. वैमानिकानं जोर कमी केला, पंख्याचा आवाज एकदम खाली बसला, आणि त्या शांततेत नऊच्या नऊ जणांना ऐकू गेलं ते माझं ओरडणं:

"काकू, माझं चुकलं. तुम्ही तिच्याजवळ असायला हव्या होतात. मला माफ करा."